पुन्हा: फेब्रुवारी स्की आठवडा – झरमॅट की सेंट मॉरिट्झ? (रविवारपर्यंत कळवा)

मिलिंद, सहल समिती

मंडळी नमस्कार,
मंडळाच्या स्की सहलीसाठी स्वित्झर्लंडमधल्या या दोन्ही गावांतली अपार्टमेंटं रविवार रात्रीपर्यंतच धरून ठेवली आहेत, मग ॲडव्हान्स भरावा लागेल. मुक्काम शनिवार ते शनिवार. भाड्यात फार फरक नाही, दोन्हीकडे खिसा सारखाच रिकामा होणार. झुरिकहून ट्रेनने दोन्ही ठिकाणं सव्वातीन तासांच्या आसपास. तेव्हा या दोन मुद्द्यांवर मेल नकोत. निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदाच स्की बांधणार आहेत आणि काहींचे आईबाबा भारतातून आलेले असतील, ते धरून बोला. वर्बिए आणि कूरशव्हेल ही दुसरी स्की-गावं कृपया पुन्हा उकरून काढू नका, मागच्या वेळचं पुरे झालं.

शिरीष

झरमॅट. गाव १,६०० मीटरवर, लिफ्ट ३,८८३ मीटरपर्यंत, वर हिमनदी. हिवाळा कोरडा गेला तरी बर्फाची काळजी नाही. ग्श्टाड किंवा किट्झब्यूएलला नाव मोठं, पण गावं खाली आहेत. तिथे पाऊस पडला की बसा खिडकीतून बघत.
फक्त लिफ्टचा पास नुसता झरमॅटचाच घ्या. इटलीच्या बाजूचा महाग पास नवशिक्यांच्या काही कामाचा नाही. शिवाय वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात आणि पलीकडे इटलीतल्या चेर्विनियात अडकलेला माणूस रस्त्याने कित्येक तासांनी परत येतो.

प्रसाद

काका, बर्फाचं ठीक आहे, पण गाडीचं काय? झरमॅटमध्ये गाड्यांना बंदी आहे. लहान मुलं, कुकर, तांदळाची पिशवी आणि आजीची व्हीलचेअर घेऊन व्हिस्पला ट्रेन बदलायची? मी तरी कारनेच येणार.

शिरीष

कारनेच ये की. झरमॅटच्या अलीकडच्या टेश गावात ठेवायची, छताखाली २,००० च्या वर जागा आहेत. तिथून दर २० मिनिटांनी शटल ट्रेन, १२ मिनिटांत झरमॅट. डब्यात चढायला पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर सरळ आत जाते. स्टेशनवरून विजेची टॅक्सी.
खरी अडचण टेशच्या आधी आहे. हिवाळ्यात फुर्का, ग्रिमझेल हे घाट बंद. अँडरमॅटवरून गेलास तर रेआल्पला कार ट्रेनवर चढवावी लागते, आणि जोराचा बर्फ पडला की तोच रस्ता आधी बंद होतो. त्यापेक्षा बर्न, श्पीट्स, कांडरश्टेग असा ये. लोत्शबर्गची कार ट्रेन पाव तासात गोप्पनश्टाइनला सोडते. मात्र शनिवारी सकाळी दहानंतर पोहोचलास तर रांगेतच डबा उघडावा लागेल.

प्रसाद

म्हणजे कार, मग कार ट्रेन, मग शटल, मग टॅक्सी. सेंट मॉरिट्झला यूलियर घाट हिवाळाभर चालू असतो, थेट दारात उतरायचं. टायरला लावायच्या साखळ्या मात्र डिकीत हव्यात. निळी गोल पाटी दिसली की त्या सक्तीच्या, तिथे "माझे टायर चांगले आहेत" चालत नाही.

अनघा

तुम्ही दोघं गाडीतून उतरलात की नवशिक्यांबद्दल बोलू या?
झरमॅटमध्ये गावाच्या पायथ्याशी शिकण्याची जागा नाही. जमिनीखालच्या फ्युनिक्युलरने (दोराने ओढली जाणारी डोंगरी ट्रेन) वर सुनेग्गाला जायचं, तिथून थोडं खाली लायझेला. ती जागा छान आहे, पण रोज सकाळी मुलाची स्की, स्वतःची स्की आणि पायात कडक बूट अशा थाटात फ्युनिक्युलरपर्यंत चालायचं. अपार्टमेंट गावाच्या दुसऱ्या टोकाला असलं की मुलं वर पोहोचेपर्यंतच रडकुंडीला येतात. परतताना स्की करत गावात उतरायचा हट्ट नको. चार वाजता तो उतार गर्दीने घासून काचेसारखा झालेला असतो. फ्युनिक्युलरनेच खाली या.
सेंट मॉरिट्झच्या बाजूला शेजारच्या चेलेरीना गावात, गोंडोलाच्या (दोरावरच्या पाळण्यांच्या) पायथ्याशी, प्रोवुलेर नावाचा शिकाऊ उतार आहे. आजीआजोबा खाली उभे राहून नातवंडं बघू शकतात. मिलिंद, आपलं अपार्टमेंट नक्की कुठे आहे? चेलेरीनात असेल तर माझं मत सेंट मॉरिट्झला. नसेल तर तो फायदा गेला.

मिलिंद, सहल समिती

सेंट मॉरिट्झच्याच बाड भागात आहे.

अनघा

मग रोज बस. बाडहून सिग्नलबान ही केबल कार आहे, पण ती कोरविलिया डोंगराच्या बाजूला वर नेते. तिथे पहिल्या दिवशीच्या माणसाचं काय काम? मालकाला चेलेरीनाची जागा आहे का विचार. आणि ज्यांना स्की येते त्यांनी आत्ताच ऐकून ठेवा: कोरविलिया आणि कोरवाच वेगवेगळे डोंगर आहेत, मधे बस लागते. मग तिथे जाऊन कुरकुर नको.

नेहा, सचिव

जागेची बोलणी फक्त सहल समितीने करावीत. मागच्या वेळी तिघांनी परस्पर फोन केले होते आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तसंच १९ तारखेला शिवजयंती आहे, हॉल ठरलेला आहे. सहलीचा आठवडा त्यावर येत असेल तर मला आजच कळवा.

शिरीष

आईबाबांसाठी: झरमॅटला गोर्नरग्राटची ट्रेन, ३,०८९ मीटर, बसल्या जागेवरून मॅटरहॉर्न शिखर दिसतं. पण रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ३,८८३ ला नेऊ नका. केबल कार इतक्या झटकन वर नेते की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

प्रसाद

एंगाडीनला, म्हणजे सेंट मॉरिट्झच्या खोऱ्यात, मुओटास मुरायलची फ्युनिक्युलर आहे, २,४५६ मीटर. तेवढं झेपतं. गोठलेल्या तळ्यावरून चालताही येतं, फक्त खुणा केलेल्या वाटेनेच. फेब्रुवारीत तिथे रविवारी घोड्यांच्या शर्यती असतात, त्या दिवशी गावात कार घालू नका.

अनघा

भाड्याच्या स्कीचा अर्ज भरणाऱ्यांनो, वजन खरं लिहा. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती घट्ट लावायचं ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यावरून ठरतं. कमी वजन लिहिलंत तर बूट उगाच सुटेल. जास्त लिहिलंत किंवा "मला बरंच येतं" अशी खूण केलीत तर पडल्यावर सुटणार नाही आणि गुडघा जाईल. मोजा एकच जोड, पातळ आणि लांब. दोन घातले की घड्या पडतात, पोटरी दुखते आणि पाय उलट गार पडतो.

प्रसाद

कुकर मी आणतोय. सेंट मॉरिट्झच्या १,८०० मीटरवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ संध्याकाळपर्यंत शिजणार नाही. कुकरलाही एक-दोन शिट्ट्या जास्त द्या.

नेहा, सचिव

कुठला कुकर? मंडळाचा ॲल्युमिनियमचा आहे, तो इंडक्शनवर तापतच नाही. मिलिंद, मालकाला जागेबरोबर हेही विचार: शेगडी इंडक्शन की साधी काचेची? इंडक्शन असेल तर प्रसाद, स्टीलचा आण, आणि तळाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघून घे.