मदत हवी आहे: वाळक्या पानांतल्या नत्राचा हिशोब

मंडळी, खारघरला गच्चीवर मारवेल गवताच्या १२ कुंड्यांवर एमएस्सीचा प्रयोग चालू आहे. माती सोलापूरकडच्या माळरानाची. सहा कुंड्यांना दर ३ दिवसांनी पाणी, सहांना दर १२ दिवसांनी. एकूण पाणी सारखंच. पाऊस तेवढाच पण लांबलांबच्या अंतराने पडला, तर पान वाळण्याआधी गवत त्यातलं नत्र किती परत ओढून घेतं, हे बघायचंय. (इथल्या पावसात कोरडा माळ उभा करणं म्हणजे गंमतच, वर प्लास्टिकचं छत आहे.)

हिरवी आणि वाळकी पानं एकाच वयाची, दोरा बांधून खूण केलेली. ६५ अंशाला सुकवून केल्डाल पद्धतीने नत्र मोजलं, हिशोब वजनाच्या टक्क्यांवर केला. पण वाळताना पानाचं वजनही घटतं, त्यामुळे परत घेतलेलं नत्र प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. क्षेत्रफळावर काढावं तर पान सुकताना आक्रसतं, गुंडाळतं. कॅल्शियम पानातून फारसं परत जात नाही म्हणून नत्र त्याच्या तुलनेत मोजतात हे माहीत आहे, पण आमच्या लॅबमध्ये ते मोजायची सोय नाही आणि बाहेरून करून घ्यायला पैसे नाहीत.

त्यात एका रात्री छत उडालं, चार कुंड्यांतली वाळकी पानं भिजली. पालाश (पोटॅशियम) धुऊन गेलं असणार, त्याचा नाद सोडलाय.

हिरव्या आणि वाळक्या पानांचे सारख्या लांबीचे तुकडे तोलून वजनघटीची दुरुस्ती काढली तर चालेल का? आणि भिजलेली पानं नत्रासाठी धरू की टाकू?