भिंतीवर काय लिहू : सिंधू, हडप्पा की सिंधू-सरस्वती?

प्रवराकाठची

नमस्कार. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळते. वाचनालयाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आम्ही कालपट रंगवतोय, बावीस फूट लांब. आपल्या प्रवरेच्या काठावर माणूस कधीपासून राहतोय हे शाळेत जाणाऱ्या मुलांना येता-जाता दिसावं, एवढीच इच्छा. पेंटर शनिवारी येणार आहे आणि आम्ही दुसऱ्याच चौकटीशी अडलोय.

पहिली चौकट सावळदा संस्कृतीची, म्हणजे इथल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची. दुसरी आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला तिच्यानंतर आलेल्या लोकांची, ज्यांचं नातं थेट मोहेंजोदडो-हडप्पाशी सांगतात. त्यांना म्हणायचं काय? माझ्या वडिलांच्या जुन्या वहीत ‘सिंधू संस्कृती’ आहे. मुलीच्या सहावीच्या पुस्तकात धड्याचं नाव ‘हडप्पा संस्कृती’. समितीतले एक काका ‘सिंधू-सरस्वती’वर ठाम आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं हिंदी पुस्तकं वाचतात, ती ‘सिंधू घाटी सभ्यता’ म्हणतात. हे शेवटचं मी लगेच बाजूला ठेवलं. मराठीत सभ्यता म्हणजे वागण्यातली सभ्यता, आणि घाटी म्हणजे काय ते इथे सांगायला नको.

उरलेल्या तीन नावांतलं बरोबर कुठलं? भिंतीवर एकदा लिहिलं की दहा-पंधरा वर्षं तेच वाचलं जाणार, म्हणून विचारते.

खापरतुकडा

ताई, मी पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व शिकलो आणि हरियाणातल्या राखीगढीच्या उत्खननात एक हंगाम खापरं धुतली, त्यांवर नंबर घातले. मोठा शोध माझ्या नावावर नाही, पण ही नावं रोज तोंडात असायची, म्हणून लिहितो.

आमच्याकडे साधा रिवाज आहे. एखादी संस्कृती जिथे पहिल्यांदा ओळखली गेली, त्या जागेचं नाव तिला द्यायचं. तुमच्याच शेजारचं उदाहरण घ्या. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे लहानसं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी खणलं, आणि काळी नक्षी असलेल्या त्या विशिष्ट लाल भांड्यांच्या संस्कृतीला जोर्वे नाव पडलं. पुढे त्याच संस्कृतीची कितीतरी मोठी वस्ती दायमाबादला निघाली, पुणे जिल्ह्यात इनामगावलाही निघाली. तरी नाव जोर्वेच राहिलं. सावळदाही तसंच, खानदेशातल्या गावाचं नाव.

हडप्प्याचं हेच झालं. १९२१ मध्ये दयाराम साहनींनी हडप्प्याला उत्खनन सुरू केलं, पुढच्या वर्षी राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला. १९२४ च्या सप्टेंबरात पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी हा शोध जगाला सांगितला. आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. सुरुवातीच्या काळात या लोकांना ‘इंडो-सुमेरियन’ म्हणत. काही वस्तू सुमेरच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन संस्कृतीच्या वस्तूंसारख्या दिसल्या, म्हणून हे लोक त्यांचेच कोणी असावेत असा अंदाज, आणि तो अंदाज थेट नावातच घातला. थोड्याच वर्षांत कळलं की ही संस्कृती स्वतंत्र आहे, आणि ते नाव टाकून द्यावं लागलं. मार्शलच्या १९३१ च्या ग्रंथाच्या नावात ‘सिंधू’ आहे.

‘सिंधू’ तेव्हा ठीक होतं, कारण माहीत असलेल्या मुख्य जागा त्या खोऱ्यातल्या होत्या. नंतर गुजरातेत लोथल आणि धोळावीरा, राजस्थानात कालीबंगा, मेरठजवळ आलमगीरपूर, पार अफगाणिस्तानात अमूदर्याजवळ शोर्तुगाई, आणि तुमचं दायमाबाद. यातलं एकही सिंधूच्या काठी नाही. प्रवरेचं पाणी गोदावरीला मिळतं. त्या पाण्यावर जगलेल्या माणसांना सिंधूखोऱ्यातली म्हणणं मला पटत नाही.

हडप्पा हे नाव यातलं काहीच सांगत नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. ते लोक कोण होते, कुठली भाषा बोलत, कुठवर पसरले, यावर ते काही बोलत नाही. उद्या त्यांची अजून न वाचलेली लिपी वाचली गेली तरी ते चुकणार नाही. माझं मत हडप्पा.

पीलीबंगाचा पाहुणा

खापरतुकडा यांचं म्हणणं मान्य आहे, पण दुसरी बाजू मांडतो. बँकेच्या नोकरीत मी चार वर्षं हनुमानगढ जिल्ह्यात होतो. कालीबंगा तिथेच. घग्गरचं कोरडं पात्र मी दर आठवड्याला ओलांडायचो.

कालीबंग्याला नांगरलेलं शेत सापडलंय, शहर वसायच्याही आधीचं. तास एकमेकांना काटकोनात, एका दिशेचे जवळजवळ आणि दुसऱ्या दिशेचे लांब. तिथले शेतकरी आजही हरभरा आणि मोहरी अशीच एकत्र पेरतात, मी स्वतः बांधावर उभा राहून पाहिलंय. ते पाहिल्यावर या सगळ्याला नुसतं ‘हडप्पा’ म्हणणं मला तोकडं वाटायला लागलं. घग्गर आणि पलीकडे पाकिस्तानात तिचंच पुढचं हाक्रा, या पट्ट्यात शेकड्यांनी वस्त्या आहेत. चोलिस्तानात वाळूत टेकाडंच टेकाडं. त्या नदीला नावात जागा असावी, एवढंच काका म्हणत असतील तर त्यांचं मन समजून घ्या.

खापरतुकडा

दादा, शेताबद्दल लिहिलंत, वाचून आनंद झाला. राखीगढीही त्याच बाजूची, त्यामुळे त्या पट्ट्याचं महत्त्व मला पुरेपूर मान्य आहे. पण त्या नदीला जागा द्यायची तर तिला घग्गर-हाक्रा म्हणू या. सरस्वती म्हटलं की ती ऋग्वेदातली नदी होते, आणि मग हे लोक आणि ऋग्वेद रचणारे लोक यांचं नातं काय, हा प्रश्न आपण भिंतीवरच सोडवून मोकळे होतो. घग्गर म्हणजेच सरस्वती असं मानणारे अभ्यासक आहेत, न मानणारेही आहेत. ती नदी केव्हा आटली, तेव्हा हिमालयातलं पाणी तिला येत होतं का, यावरही वाद चालू आहे. इंडो-सुमेरियनची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. चालू वाद नावात घातला, की वादाचा निकाल लागेल तसं नावही बदलावं लागतं.

काकांना सरस्वती प्रिय आहे, त्यात गैर काहीच नाही. ती कालपटात वैदिक काळाच्या चौकटीत जरूर यावी.

मीठभाकर

या लोकांचं त्यांच्याच काळातलं नावही आहे की! मेलुहा. आजच्या इराकमधल्या अक्कडचा राजा सारगॉन इ.स.पू. २३०० च्या सुमारास अभिमानाने सांगतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ असं लिहिलेली एका माणसाची मुद्रा आहे. बहुतेक अभ्यासक मेलुहा म्हणजे हाच प्रदेश मानतात. ते का लिहू नये?

प्रवराकाठची

मेलुहा वाचून अंगावर काटा आला. दुभाषी होता म्हणजे कुणीतरी कुणाशी बोलत होतं! पण हे त्यांना दुसऱ्यांनी दिलेलं नाव ना? ते स्वतःला काय म्हणत असतील?

खापरतुकडा

ते लिपी वाचल्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्यांनी दिलेलं नाव टिकतंच, त्यात कमीपणा नाही. इजिप्तचे लोक आपल्या देशाला केमेत म्हणत, ‘इजिप्त’ ग्रीकांकडून आलं. आणि ग्रीकांना आपण यवन म्हणत आलो, ते आयोनियावरून, म्हणजे त्यांच्या एका शाखेवरून. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत, कधी गेलात तर मुलांना दाखवा. मेलुहा चौकटीत छोट्या अक्षरांत द्या. दायमाबादपर्यंतच्या सगळ्यांना ते नाव लागू होतं असं मात्र म्हणता येणार नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. दायमाबादचा हा थर ज्या काळातला आहे त्याला पुस्तकात ‘उत्तर हडप्पा’ म्हणतात. भिंतीवर तसं लिहू नका. मुलं उत्तर म्हणजे दिशा समजतील. ‘उत्तरकालीन हडप्पा’ लिहा.

प्रवराकाठची

बरं झालं सांगितलंत, पेंटरला दिलेल्या कागदावर मी ‘उत्तर हडप्पा’च लिहिलं होतं. आज समितीत वाचून दाखवलं. काका आधी गप्प बसले, मग म्हणाले, सरस्वती चौथ्या चौकटीत येणार असेल तर माझी हरकत नाही, फक्त ती निळी काढा. मथळा ठरला : ‘उत्तरकालीन हडप्पा संस्कृती, दायमाबाद’. खाली सिंधू, घग्गर-हाक्रा आणि प्रवरा, तिन्ही नद्यांच्या रेघा.

शेवटचा प्रश्न. याच चौकटीत १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ काढायचाय, बैलजोडी आणि मागे उभा माणूस. इथल्या प्रत्येक मुलाला तो माहीत आहे. चालेल ना?

खापरतुकडा

रथ काढा, पण या चौकटीत नको. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा झाडाचं मूळ खणताना मिळाले, उत्खननातल्या थरातून नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पटाच्या वर, सगळ्या चौकटींच्या डोक्यावर लांबलचक काढा, तिथे तो शोभेलही. या चौकटीत या थरातूनच निघालेली मातीची गोल मुद्रा काढा, बटणासारखी, सिंधू लिपीतल्या चिन्हाची. उत्खननाच्या अहवालात तिचं चित्र आहे, त्यावरूनच पेंटरला चिन्ह उतरवून द्या. अंदाजाने काढू देऊ नका.