जळगावात वापरलेली स्पोर्ट्स कार : मस्टँग जीटी की झेड४?

दवाखाना_रिंगरोड
बजेट ६५ लाखांच्या आसपास, गाडी वापरलेलीच घ्यायची आहे. २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी किंवा २०२० ची बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय. रोज घर ते दवाखाना, अधूनमधून भुसावळला व्हिजिट, कधी संभाजीनगर. दवाखान्याचं पार्किंग तळघरात, रॅम्प जरा खडा आहे. गाडी घासेल का, आपला उन्हाळा सोसेल का, आणि दवाखान्याच्या खर्चात दाखवता येईल का? 'एसयूव्ही घ्या' सोडून काहीही सांगा.

गॅरेजगप्पा
डॉक्टरसाहेब, मॉडेल नंतर, आधी रॅम्प मोजा. झेड४ चा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन ते गाडीचं पोट यातली जागा) ११४ मिमी, मस्टँगचा १३७. पण या आकड्यावर भुलू नका. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, झेड४ चा २४७० मिमी आणि मस्टँगचा २७२०, आणि हे अंतर जितकं जास्त तितकं तिचं पोट उंचवट्यावर लवकर टेकतं. व्हीलबेसइतका लांब लोखंडी चौकोनी पाइप घ्या, दोन्ही टोकांखाली क्लिअरन्सच्या उंचीचे ठोकळे लावा आणि रॅम्पची वरची कड मधोमध येईल असा ठेवा. पाइप कडेला टेकला तर गाडी टेकणारच. दोघं बसली की गाडी दबते, म्हणून ठोकळे १५ मिमीने कमी घ्या. खालच्या टोकाला पोट नाही, पुढचा बंपर घासतो. ते गाडी प्रत्यक्ष आणूनच कळेल.

स्पीडब्रेकरचंही तेच. नियमातला गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच असतो. त्यावर झेड४ च्या पोटाखालची साधारण ४५ मिमी जागा खर्च होते, बाकी शिल्लक राहते. त्रास गावाजवळ रातोरात टाकलेल्या अरुंद, १५ सेंमी उंच ब्रेकरचा. तिथे दोन्ही गाड्या टेकतात. तिरकी घेतली तर थोडं सावरतं, मागचा केळीचा ट्रक हॉर्न मारत राहिला तरी. शिवाय काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे डांबराला लाटा येतात. अशा रस्त्यावर ८० च्या पुढे गेलात की सस्पेन्शन दबून नाक घासतं.

उन्हाबद्दल : इंजिन ४५ अंश सोसतं, पण समोरची जाळी स्वच्छ असेल तरच. आपल्याकडे कापसाचे तंतू आणि धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. बाहेरून काही दिसत नाही, पण सिग्नलला उभं राहिलं की एसी कोमट होतो. वर्षातून एकदा, मार्चच्या आधी, बंपर काढून आतून बाहेर कमी दाबाने पाणी मारून घ्या. प्रेशर वॉशर जवळून धरला तर पातळ पाती वाकतात आणि हवा आणखीच अडते.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासा. दुपारी दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नका. झेड४ चे पुढचे टायर २५५/३५ आर१९, म्हणजे रबराची भिंत जेमतेम ९ सेंमी. खड्ड्यात रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. मागचे टायर २७५ रुंदीचे, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही.

दवाखाना_रिंगरोड
मोजलं. उतार १ ला ६ आहे, म्हणजे ६ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. झेड४ च्या मापाने पाइप कडेला टेकतो. मस्टँगच्या मापाने करंगळीएवढी फट राहते.

गॅरेजगप्पा
मग कड मोडावी लागेल. सपाट भागात १ मीटर आणि उतारावर १ मीटर धरून १ ला १२ असा मधला उतार करा. कडेवर जास्तीत जास्त ८ सेंमी तासावं लागेल. खाली स्लॅब किंवा बीम असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काँक्रीट फोडायचं मशीन लावायचं नाही. ८ सेंमीत सळई लागतेच.

हे जमलं तर झेड४. मस्टँगचं ५.० लिटरचं व्ही८ इंजिन दणकट, ऑइल-फिल्टर मिळतात, पण फोर्डने इथलं उत्पादन २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं आणि ही गाडी तशीही आयातच होती. बंपर किंवा हेडलाइट फुटला तर गाडी किती दिवस उभी राहील, ते आधी वर्कशॉपला विचारा. रोज दवाखान्यात जायचं तर तेवढंच महत्त्वाचं. झेड४ मध्ये कूलंटची पातळी हळूहळू उतरते का ते तपासा. बॅटरी बदलली असेल तर गाडीच्या संगणकात नोंद केली होती का हेही विचारा. नोंद नसेल तर नवी बॅटरी जुनी समजूनच चार्ज होते आणि लवकर जाते.

हिशेबाचं_बघा
गाडीवर घसारा (किंमत घटते म्हणून खर्चात धरायची रक्कम) १५ टक्के, दरवर्षीच्या घटत्या किमतीवर. गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा. कर्जाचं व्याज, विमा, पेट्रोल सगळं धरता येतं, पण खासगी वापराचा वाटा वजा करून. दोन सीटची गाडी आणि शंभर टक्के दवाखान्याचा वापर, हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड. मोघम ५० टक्के नफा दाखवण्याची पद्धत घेतली असेल तर घसारा वेगळा मिळत नाही, त्यातच धरलेला असतो. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेणं, विसरा.

नोंदणी_एमएच१९
परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण आधी तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), मग इथे आल्यावर १२ महिन्यांच्या आत जळगावचा एमएच-१९ चा नंबर आणि महाराष्ट्राचा कर. दोन्ही गाड्या पूर्ण आयात आहेत, त्यामुळे दर जास्त लागतो. सौदा करण्याआधी तो आकडा आरटीओकडून काढून घ्या, नाहीतर दिल्लीचा स्वस्त सौदा इथे येऊन महागात पडतो. गाडीवर जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हवा. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

आणखी एक, टूलकिटमधला टो-हुक (गाडी ओढायला बांधायची कडी) आहे ना ते बघून घ्या. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पिळायचा असतो, काही युरोपियन गाड्यांत आटे उलटे असतात. तो नसेल तर बंद पडलेली गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेडवाला ती ओढणार कशाला बांधून?