मदत हवी आहे : आखाजीला घागर आणि झोका सजवायचाय, मुलांच्या हातून

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही यावल तालुक्यातले. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी येताहेत आणि सोबत चार ते तेरा वर्षांची पोरंटोरं. दुपारी ऊन ४३-४४ अंशांवर जातं, त्यामुळे बाहेर सोडायची सोय नाही. घरातच काहीतरी करून घेऊ म्हणते, आणि ते आखाजीचंच असावं अशी फार इच्छा आहे.

मुख्य अडचण घागरीची. मातीची घागर पाझरते, म्हणून तर पाणी गार राहतं. पण त्याच ओलीने गेरू आणि चुन्याची नक्षी पुसते, हाताला लागते. ऑइल पेंट लावला तर छिद्रं बुजतात आणि पाणी गारच होत नाही. फक्त गळ्याशी आणि काठाला रंग देऊन खाली कोरी ठेवावी का? की गेरूत डिंक कालवून टिकतो? कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा. घागरीवर डांगर (खरबूज) ठेवून पूजा होते, तेव्हा घागर उठून दिसायला हवी.

दुसरं, निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्याचे दोर. खरी फुलं तासाभरात मान टाकतात, क्रेप कागदाचा रंग घामाने साडीला लागतो. जुन्या साड्यांचे काठ गुंडाळायचा विचार आहे, पण हाताची पकड सुटणार नाही ना? लहानगी झोक्यावर उभी राहतात, त्याची काळजी वाटते.

मोठ्या मुलांकडून गौराईची गाणी म्हणवून घ्यायला एखादा खेळ सुचवा. रविवारी जळगावला सामान आणायला जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.