आंबा-बदामाच्या सावलीत जास्वंद पिवळी पडालीय, पाला काढू की ठेवू?

शहापूरची परसबाग
नमस्कार मंडळी. घर बेळगावच्या शहापुरात, मागं जुना आंबा आणि कुंपणाला लागून जंगली बदाम. संक्रांत झाली की बदामाची पानं लालभडक होऊन गळायला लागतात ती शिमग्यापर्यंत, रोज दोन बुट्ट्या पाला निघतो. त्याच्या खाली सासूबाईंच्या हातची जास्वंद, तगर आणि मी लावलेला मोगरा. गेल्या वर्षी वाटलं आयतं खत आहे म्हणून वाळका पाला झाडांच्या बुडात खणून पुरला, तर वळीव पडायच्या आतच जास्वंद पिवळी, मोगऱ्याला कळी नाही नुसत्या लांब फांद्या. शेजारच्या काकू म्हणतात आंब्याचा पाला माती आंबट करतो, जाळून टाक. घरात दम्याचं माणूस आहे, धूर करायचा नाही. ती जास्वंद सासूबाईंनी माहेरून फांदी आणून लावलेली, त्या आता नाहीत, ती जायला नको एवढंच बघा. काय करू?

जांबोटीकर
ताई जाळू नका अजिबात. आमच्याकडं खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागात पातेरा, म्हणजे गळालेला वाळका पाला, गोळा करून गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरतात, शेणमुतात भिजला की उकिरड्यावर, आणि पावसाच्या तोंडावर तेच खत शेतात. (भाताची रोपं करायच्या जागेवर पाला पसरून जाळतात, त्या राबालाही पाला लागतो, पण ते भाताचं काम, परसात नको.) तुमचं चुकलं ते इथं, की पाला कोरडा आणि कच्चा मातीत पुरला. वाळक्या पानात नत्र फार कमी, ती कुजवायला जे जिवाणू लागतात ते आपल्या पोटासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि तेवढा काळ झाड उपाशी राहतं, म्हणून पिवळं. तोच पाला मातीच्या वर पसरला असता तर एवढा त्रास झाला नसता. आंबटपणाचं म्हणाल तर आपल्या पश्चिम पट्ट्यातली तांबडी माती पावसानं धुऊन धुऊन मुळातच थोडी आंबट असते, त्याचा दोष आंब्याच्या पानाला देऊ नका, कुजून काळं झालेलं पानखत झाडाला चांगलंच असतं.
एका कोपऱ्यात तीन फूट रुंद जाळी गोल उभी करा. पाला हातानं चुरून भरा, आंब्या-बदामाची पानं जाड, अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून बसतात आणि आत पाणीच जात नाही. एक वीत पाला झाला की वर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, शिंपडा. मूठभर घेऊन पिळलं तर हात ओला झाला पाहिजे पण पाणी टपकायला नको. पंधरा दिवसांनी वरखाली करा, वर गोणपाट.

रोपांची आवड
खताचं बरोबर सांगितलंय पण मला वाटतं निम्मं दुखणं उन्हाचं आहे. मोगऱ्याला आणि जास्वंदीला पाच-सहा तास थेट ऊन लागतंच, सावलीत फांद्या उजेडाकडं पळतात, फूल येत नाही, आणि अशा झाडावर पांढरा मिलिबग (कापसासारखी दिसणारी कीड) पण लवकर बसतो. एक दिवस सकाळपासून दर तासाला जाऊन बघा ऊन कुठं पडतंय. आंब्याखाली अबोली लावा, तिला विरळ सावली मानवते आणि आपल्याकडं गजऱ्याला तिच्याशिवाय चालत नाही. तगर तिथंच राहू दे, ती निभावून नेते. कुंती, अडुळसा पण चालतील. क्रोटन जगतो पण दाट सावलीत रंग उतरून हिरवा होतो.
आणि आंब्याच्या खाली खोल खणू नका हो, त्याची अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्या दीड फुटातच जास्त असतात, ती तुटली तर आंब्यालाही त्रास. पाणीसुद्धा निम्मं तोच पितो, त्यामुळं उन्हाळ्यात खालच्या झुडपांना थोडं थोडं रोज देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या.

अनगोळ ७०
पाला वर पसरा म्हणणाऱ्यांना एक सांगतो, खोडाला टेकवू नका. माझी दहा वर्षांची कण्हेर अशी गेली, बुडाला पाला दाबून ठेवला होता, पावसाळ्यात साल कुजली आणि मग वाळवी. खोडाभोवती एक वीत जागा मोकळी, बाकी थर दोन-तीन इंच, बास. ढीग उपसताना काठीनं आधी हलवून बघा, आपल्याकडं साप-विंचू सांगून येत नाहीत.

शहापूरची परसबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार म्हणून तासातासाला बघितलं, जास्वंदीवर जेमतेम दीड तास ऊन पडालंय, तेही सकाळचं. दक्षिणेच्या भिंतीला मात्र दुपारपर्यंत लख्ख. जास्वंद आत्ताच हलवू काय? जीव घाबरतो.

रोपांची आवड
आत्ता या उन्हात नको. आधी बोटाएवढ्या जाड आठ-दहा फांद्या कापून कुंडीत लावा, खालची पानं काढून, वाळू-माती निम्मी निम्मी, कुंडी सावलीत. म्हणजे मूळ झाडाला काही झालं तरी सासूबाईंची जात घरात राहील. झाड मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर हलवा, मोठा मातीचा गोळा धरून, फांद्या तिसरा हिस्सा छाटून. तोवर बुडातला पुरलेला पाला हलक्या हातानं जेवढा निघेल तेवढा काढा आणि दोन मुठी जुनं शेणखत घाला.

शहापूरची परसबाग
बारा फांद्या लावल्या संध्याकाळी. कुंडी तुळशीमागं ठेवलीय.