घरच्या घरी स्ट्रट ब्रेस: गाडीला खरा फायदा की बॉनेटखालचा दागिना?

वळणवेडा
पुढच्या दोन स्ट्रट टॉवरना (बॉनेटखाली सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं ते पत्र्याचे उंचवटे) जोडणारा आडवा दांडा म्हणजे स्ट्रट ब्रेस. त्याला सरसकट दिखाऊ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात) असलेल्या गाडीत वर वेगळा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) नसतो. त्यामुळे वळणावर चाकाकडून येणारा आडवा जोर खालच्या आर्मसोबत टॉवरलाही सोसावा लागतो. टॉवर म्हणजे शेवटी दाबून आकार दिलेला पत्राच. वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेल्या गाडीत तो थोडा हलतो आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचं नाक किंचित उशिरा वळतं. दोन्ही टॉवर एकमेकांना बांधले की हा उशीर कमी होतो. ब्रेस बोल्टने बसणारा असेल आणि हाताशी टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळता येतं असा) असेल, तर हे काम घरी करता येतं आणि करावं, असं माझं ठाम मत आहे.

मोजूनबोला
असहमत. दोन टॉवरमधलं अंतर 1 मिलिमीटरने बदललं असं धरा. स्ट्रटची लांबी साधारण 600 मिलिमीटर धरली, तर कॅम्बरमध्ये (चाकाच्या उभ्या कलात) फरक पडतो जेमतेम 0.1 अंशाचा. कंपन्या अलाइनमेंटला (चाकांच्या कोनांच्या जुळणीला) यापेक्षा जास्त सूट देतात. शिवाय आजच्या बंद छताच्या गाड्यांची पिळाला विरोध करण्याची ताकद बहुधा अंशाला 20,000 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. बऱ्याच गाड्यांत टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) चिकटून असतात, म्हणजे ते आधीच बांधलेले आहेत. तिथे आणखी एक दांडा टाकून काय साधणार? तेवढेच पैसे चांगल्या टायरवर आणि झिजलेल्या बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी कड्यांवर) घाला. फरक पहिल्याच वळणावर कळेल.

वळणवेडा
बुश आणि टायर आधी, हे मान्य. फुटक्या बुशवर ब्रेस लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण 0.1 अंशाचा मुद्दा पटला नाही. अलाइनमेंटची सूट गाडी स्थिर उभी असतानाची असते. मी बोलतोय ते हालचालीबद्दल: वळणात शिरताना जोर येतो, पत्रा लवतो, मग टायर पकड घेतो. चालकाला जाणवतो तो हा मधला क्षण. आणि टॉवर फायरवॉलपासून बरेच पुढे असलेल्या गाड्याही आहेतच. तिथे मधला पत्रा लांब असतो आणि लवायला मोकळा.

पानापेटी
रोज हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ब्रेस चांगला की वाईट यापेक्षा तो कसा बसवतात याची मला जास्त काळजी आहे.

टॉवरच्या मधोमध एक मोठा नट असतो. त्याला पाना लावायचा नाही. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि तो नट सुटला तर जीवावर बेतू शकतं. ब्रेसची प्लेट बसते ती भोवतालच्या लहान नटांवर. ते काढताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चाक लोंबकळत ठेवून हे नट काढले तर स्ट्रट खाली सरकतो, मग तो परत भोकांत बसवता बसवता नाकी नऊ येतात.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. प्लेटच्या जाडीमुळे स्टडचे (ज्यावर हे लहान नट बसतात त्या आटेदार खुंट्यांचे) आटे कमी उरतात. नट पूर्ण बसून स्टडचं टोक नटाच्या वर निदान दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तो ब्रेस त्या गाडीचा नाही, परत करा. नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. हे स्टड बारीक असतात, अंदाजाने ताकद लावली की तुटतात. प्लेटखालचा रंग खरवडला तर तिथे आधी प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच धरेल. शेवटी ब्रेसवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळू बंद करा. गोळे किती चेपले त्यावरून वर जागा किती उरली ते कळतं. थोडं चालवल्यावर नट पुन्हा तपासा.

सावधपाऊल
बॉनेटखालच्या जागेचा विषय निघालाच आहे तर सांगते. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्रा खाली दबावा, म्हणून तिथे मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे तुम्ही कडक दांडा टाकताय. एका बाजूला जोरात धडक बसली तर तोच दांडा धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत नेऊ शकतो. वळणावरच्या थोड्याशा मजेसाठी एवढी जोखीम मला मान्य नाही.

वळणवेडा
पादचाऱ्याचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ब्रेस बॉनेटच्या अगदी जवळ येत असेल तर तो लावू नये, इतकंच म्हणेन. काही गाड्यांत कंपनीच असा ब्रेस देते, पण तिथे बॉनेटचा आकार त्याचा हिशोब धरूनच ठरवलेला असतो, हेही खरं.

उघडंछत
सगळी चर्चा बंद गाड्यांभोवती फिरतेय. माझी गाडी कापडी छताची आहे. छत नसलेली बॉडी म्हणजे झाकण काढलेला खोका, सहज पिळते. तिथे टॉवरच्या दांड्यापेक्षा खालून लावलेला एक्स आकाराचा ब्रेस कामाला येतो. पण तो घरी लावायला माझा विरोध आहे. गाडीखाली शिरावं लागतं आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये, स्टँड हवेतच. काही ब्रेस सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) बोल्टवर बसतात. ते सैल केले आणि सबफ्रेम जराशी सरकली की अलाइनमेंट बिघडते. आणि वेल्डिंगचा विचारही नको. बॉडीतलं जास्त ताकदीचं पोलाद तापलं की शेजारचा भाग कमजोर होतो.

पानापेटी
याला दुजोरा. जुनी गाडी असेल तर टॉवरच्या शिवणींवर चीर किंवा गंज आहे का ते आधी बघा. असेल तर आधी पत्र्याची दुरुस्ती, ब्रेस नंतर.

मोजूनबोला
दोन्ही टोकांना फिरणारे सांधे असलेले ब्रेस तरी बाद करूया का? ते फक्त ओढ आणि दाब झेलतात, वाकवणारा जोर त्यांच्यातून पुढे जातच नाही. बाकी माझा आग्रह मोजण्याचा आहे. एका टॉवरवर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन) बसवा, त्याचा दांडा दुसऱ्या टॉवरला टेकवा. पुढचं एक चाक जॅकने उचला आणि काटा किती सरकतो ते लिहा. ब्रेस लावून पुन्हा तेच करा. काटा दोन्ही वेळा सारखाच सरकला तर तुम्हाला जाणवलेला फरक मनातला.

वळणवेडा
सांध्यांबद्दल एकमत, ब्रेस एकसंधच हवा. डायल गेजची चाचणी करतो. पण जॅकने टॉवरवर येतो तो मुख्यतः उभा भार, वळणातला आडवा जोर नाही. म्हणून सोबत दुसरीही करतो: मला न सांगता घरातल्या कुणीतरी ब्रेस काढायचा किंवा ठेवायचा, मी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर ब्रेस विकून टाकीन.

मोजूनबोला
ही चाचणी मला मान्य. टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवा.

पानापेटी
आणि नायलॉनचे लॉक नट असतील तर दर वेळी नवे घ्या. एकदा काढलेला नट पुन्हा तितका धरत नाही.