कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी मेस एक करावी का?

करवीरकर:
1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. त्या काळात हाच मार्ग होता. पण आज पोरं एका वर्गात बसतात, एका टपरीवर चहा पितात आणि जेवायला बरीचशी आपापल्या बोर्डिंगात जातात. खोल्या राहू देत तशाच. मेस आणि अभ्यासिका तरी सगळ्यांनी मिळून चालवावी. पंगतीला बसल्याशिवाय माणूस कळत नाही.

पन्हाळ्याची सून:
मला नाही पटत. काही जैन मुलं सूर्यास्ताआधी जेवतात, कांदा-बटाटा खात नाहीत. रमजानात मुस्लिम मुलांना पहाटे सहरी लागते. एका भटारखान्यात हे बसणार कसं? शेवटी ठेकेदार येईल. आमच्या सासऱ्यांकडून दर सुगीला बोर्डिंगला तांदळाचं पोतं जायचं, 'आपली पोरं जेवतात' म्हणून. ठेकेदाराला कोण पोतं देईल?

सातारकर:
ताई, कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातच शिकायला होते. मिस क्लार्कच्या समारंभाला गेले, परत येऊन शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढे 1924 ला साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका छताखाली आणलं, स्वयंपाक एकच. 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैशाची ओढाताण इतकी, की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून पोरांना जेवू घातलं. तरी चूल वेगळी केली नाही.

पन्हाळ्याची सून:
भाऊ, लक्ष्मीबाईंपुढे मी हातच जोडते. पण 1896 चं राजाराम कॉलेजचं वसतिगृहही सर्वांसाठीच होतं. कारभार ब्राह्मणांच्या हाती राहिला आणि बहुजनांची पोरं हळूहळू गळाली. म्हणून तर वेगळी बोर्डिंगं काढावी लागली. सामाईक मेसमध्ये ज्याचं वजन जास्त, त्याचंच ताटात पडतं.

करवीरकर:
मुद्दा रास्त आहे. चुली दोन ठेवा, वेळाही दोन. दालन मात्र एकच हवं.

पन्हाळ्याची सून:
आणि मेस समितीवर प्रत्येक बोर्डिंगचा एक विद्यार्थी, मिस क्लार्कचाही. ते आधी लेखी द्या, मग तांदळाचं बघू.